बहुइलेक्ट्रॉनी अणू-आयनांमधला क्वांटम केऑस आणि अनुस्पंदने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रोडिंगरचे समीकरण रेषीय आहे. मग क्वांटम व्यवस्थेत केऑस येतो कुठून?

अभिजात यांत्रिकीत केऑसची खूण सोपी असते. शेजारी-शेजारी सुरू झालेले दोन मार्ग घातांकी वेगाने एकमेकांपासून दूर जातात. क्वांटम यांत्रिकीत मार्गच नसतो, आणि दोन तरंगफलनांमधले आच्छादन काळानुसार बदलतही नाही. त्यामुळे ही खूण इथे लावता येत नाही. तिच्याऐवजी दोन गोष्टी पाहतात : ऊर्जापातळ्यांची आपसातली अंतरे कशी वाटली गेली आहेत, आणि एकेका अवस्थेत किती साध्या अवस्थांची मिसळ झाली आहे. साधी अवस्था म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रॉन आपापल्या ठरलेल्या कक्षेत बसलेला.

अभिजात रूप नियमित असलेल्या व्यवस्थेत पातळ्या एकमेकींची दखल न घेता पडतात, असे बेरी आणि टेबर यांनी १९७७ मध्ये मांडले. अभिजात रूप केऑटिक असेल तर अंतरांची सांख्यिकी यादृच्छिक, म्हणजे फासे टाकून भरल्यासारख्या आकड्यांच्या मॅट्रिक्ससारखी होते आणि पातळ्या एकमेकींना टाळतात, हे बोहिगास, जियान्नोनी आणि श्मिट यांचे १९८४ चे अनुमान. पण चार-पाच संयुजा इलेक्ट्रॉन असलेल्या जड अणूचे अभिजात रूप शोधत बसण्यात फारसा अर्थ नाही. तिथे दुसरा प्रश्नच कामाचा : मिसळ किती?

केऑस दिसायला किती इलेक्ट्रॉन लागतात?

बाह्य क्षेत्र नसेल तर हायड्रोजनमध्ये अजिबात नाही, सोडियम-सीझियममध्ये नाही. दोन संयुजा इलेक्ट्रॉनांच्या अणूत काही ठिकाणी चाहूल लागते. तीन-चार झाले आणि त्यात एफ किंवा डी कक्षा अर्धवट भरलेल्या असल्या की चित्र पालटते.

सिरियमचे उदाहरण घ्या. मूळ संरूपण (कोणत्या कक्षेत किती इलेक्ट्रॉन) ४एफ ५डी ६एस². यात अवस्था १४ × १० = १४०. एक ६एस इलेक्ट्रॉन ६पी मध्ये नेला की ४एफ ५डी ६एस ६पी, आणि अवस्था १४ × १० × २ × ६ = १,६८०. ४एफ ५डी² ६एस मध्ये १४ × ४५ × २ = १,२६०. ४एफ ५डी² ६पी मध्ये ३,७८०. आणि हे सगळे काही इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पट्ट्यात एकमेकांवर बसलेले. इलेक्ट्रॉनांमधले प्रतिकर्षण या संरूपणांना जोडते, आणि जोडणीची ताकद शेजारच्या पातळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठी ठरते. फ्लॅम्बॉम, ग्रिबाकिना, ग्रिबाकिन आणि कोझलोव्ह यांनी १९९४ मध्ये सिरियमसाठी हे गणित तपशिलात केले : उत्तेजित अवस्थांमध्ये शंभराच्या घरात प्रमुख घटक, म्हणजे ठळकपणे मिसळलेल्या साध्या अवस्था, निघाले.

निरीक्षण मात्र त्याहून जुने. रोझेनझ्वाइग आणि पोर्टर यांनी १९६० मध्येच जड संक्रमण मूलद्रव्यांचे वर्णपट तपासून पातळ्या एकमेकींना टाळतात हे दाखवले होते.

मिसळ आकड्यात कशी सांगायची?

तीन राशी पुरतात. एक, समान ‘जे’ (एकूण कोनीय संवेग) आणि समान पॅरिटी (सगळ्या दिशा उलटवल्यावर तरंगफलनाचे चिन्ह बदलते की नाही) असलेल्या पातळ्यांमधले सरासरी अंतर, त्याला ‘ड’ म्हणू. दोन, साध्या अवस्थांना जोडणाऱ्या मॅट्रिक्स-घटकांचे वर्गमध्यमूळ, ‘व’. तीन, पसरण-रुंदी ‘ग’, म्हणजे एखादी साधी अवस्था खऱ्या पातळ्यांमध्ये किती ऊर्जापट्ट्यावर विखुरली आहे ते.

ग = २ × पाय × व² ÷ ड
प्रमुख घटकांची संख्या = (पाय ÷ २) × ग ÷ ड

उदाहरणादाखल ड = ०.०१ इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि व = ०.०२ इलेक्ट्रॉनव्होल्ट धरा. ग सुमारे ०.२५ इलेक्ट्रॉनव्होल्ट येते आणि घटक सुमारे ४०. म्हणजे ‘व’ नुसते ‘ड’ च्या दुप्पट असताना एकेका अवस्थेत चाळीस साध्या अवस्था मिसळल्या. अशा ठिकाणी क्षोभ-सिद्धान्त (जोडणीला छोटी दुरुस्ती मानणारी पद्धत) पहिल्या पायरीलाच कोसळतो. व ÷ ड हे गुणोत्तर एकाहून बरेच लहान असेल तर तो चालतो, आणि मग केऑसचे नावही काढू नका.

व्यवहारातली एक झटपट खूण : पातळ्यांच्या तक्त्यात ‘मुख्य संरूपण’ म्हणून दिलेला वाटा १५–२० टक्क्यांवर आला असेल, तर त्या पातळीला दिलेले नाव म्हणजे कपाटावरची चिठ्ठी. आत काय आहे ते तिच्यावरून कळत नाही. आणखी एक खूण लांदे-गुणकाची; चुंबकीय क्षेत्रात पातळी किती फुटते ते तो सांगतो. मिसळ वाढली की एकाच जे च्या पातळ्यांचे लांदे-गुणक एकमेकांच्या जवळ येऊ लागतात, कारण प्रत्येक पातळी त्याच घटकांची सरासरी काढत असते.

माझ्याकडे पातळ्यांची यादी आहे. केऑस आहे की नाही हे कसे तपासू?

सर्वांत जास्त चुका याच कामात होतात, म्हणून सविस्तर.

आधी यादी फोडा. प्रत्येक जे आणि पॅरिटीसाठी वेगळी रांग करा. वेगळ्या सममितीच्या पातळ्या एकमेकींना ओळखतच नाहीत, त्यामुळे त्या एकत्र ठेवल्या की प्रतिकर्षण पुसले जाते. सारख्या घनतेच्या दोन रांगा मिसळल्या तर शून्य अंतराची संभाव्यता-घनता शून्यावरून थेट १/२ वर जाते, आणि ‘क’ रांगा मिसळल्या तर १ − १/क. पाच-सहा जे एकत्र टाकून ‘इथे केऑस नाही’ असा निष्कर्ष काढलेला अनेकदा दिसतो. त्यात दोष अणूचा नसतो.

मग घनता सपाट करा. ऊर्जेबरोबर पातळ्यांची घनता झपाट्याने वाढते. एखाद्या ऊर्जेखाली किती पातळ्या आहेत याचा जिना काढा, त्यातून गुळगुळीत वक्र न्या आणि प्रत्येक पातळीच्या जागी त्या वक्राची किंमत घ्या. आता सरासरी अंतर १ झाले पाहिजे. वक्रासाठी तिसऱ्या ते पाचव्या घाताची बहुपदी किंवा घातांकी फलन पुरते. दहाव्या घाताची बहुपदी घेतली तर ती चढउतारच गिळून टाकते, आणि जे मोजायचे तेच नाहीसे होते.

त्यानंतर अंतरांचे वितरण. ‘स’ म्हणजे सरासरीच्या पटीत मोजलेले अंतर. एकमेकींशी संबंध नसलेल्या पातळ्यांसाठी वितरण ई^(−स) असते, त्याला प्वासाँ म्हणतात. केऑटिक व्यवस्थेसाठी विग्नरचे वितरण (पाय ÷ २) × स × ई^(−पाय × स² ÷ ४). हिस्टोग्रामकडे पाहून मन वळवण्याआधी एक मोजणी करा : ०.१ पेक्षा लहान अंतरे किती? प्वासाँमध्ये शंभरात नऊ-दहा, विग्नरमध्ये शंभरात जेमतेम एक.

सपाट करण्याचा त्रास नको असेल तर लागोपाठच्या दोन अंतरांपैकी लहान भागिले मोठे हे गुणोत्तर काढा आणि सरासरी घ्या. स्थानिक घनता त्यात आपोआप कटते. प्वासाँसाठी ती ०.३८६, यादृच्छिक सममित मॅट्रिक्ससाठी ०.५३१. एकेका गुणोत्तराचा पसारा पाव-एक असतो. म्हणून शंभर पातळ्यांत सरासरीची अनिश्चितता सुमारे ०.०३ राहते आणि दोन टोके नीट वेगळी दिसतात. वीस पातळ्यांत ती ०.०६ होते. तेवढ्यावर लेख लिहू नये.

शेवटी लांब पल्ल्याची कसोटी : डायसन-मेहता यांची डेल्टा-३ राशी. पातळ्यांचा जिना सरळ रेषेपासून किती हटतो ते ती मोजते. वीस अंतरांच्या पल्ल्यात प्वासाँ असेल तर २० ÷ १५ = १.३३, केऑस असेल तर सुमारे ०.३०. जवळच्या अंतरांची कसोटी पास होऊन ही नापास झाली तर बहुधा यादीतच भोके आहेत.

यादीत भोके पडतात ती कशी?

कारण खुद्द केऑसमध्येच आहे. मिसळलेल्या अवस्थांमधल्या संक्रमणांची तीव्रता पोर्टर-थॉमस वितरण पाळते. संक्रमणाचा आयाम शून्याभोवती गॉसियन असतो, आणि तीव्रता म्हणजे त्याचा वर्ग. सरासरीच्या एक टक्क्याहूनही फिक्या रेषा त्यात सुमारे ८ टक्के असतात. अशी रेषा गोंगाटात बुडते. एखादी पातळी एक-दोन रेषांवरूनच ओळखायची असेल, तर तीही यादीतून जाते. एक पातळी सुटली की दोन लहान अंतरांचे एक मोठे होते. दुसऱ्या बाजूने, एकाच पातळीला दोनदा नोंदवले किंवा जे चुकीचा लावला की खोटे लहान अंतर तयार होते. दोन्ही चुका आकडे प्वासाँकडे ढकलतात. म्हणून मोजलेल्या वर्णपटात ‘अर्धवट केऑस’ दिसला की आधी यादीवर संशय घ्यायचा, निसर्गावर नंतर.

संगणकावर काढलेल्या पातळ्यांना वेगळा आजार असतो. आधारसंच (गणितात घेतलेल्या साध्या अवस्थांची यादी) कुठेतरी तोडावाच लागतो, आणि तोडलेल्या टोकाजवळच्या पातळ्यांना वरून ढकलणारे कुणी नसते. वरचा तिसरा हिस्सा सांख्यिकीत घेऊ नये. कक्षा वाढवत नेल्यावर एकेक पातळी सरकत राहते. ती स्थिर होण्याची वाट पाहू नका. सरासरी गुणोत्तर, पसरण-रुंदी आणि घटकसंख्या स्थिर झाली की पुरे.

अनुस्पंदन म्हणजे नेमके काय, आणि केऑसशी त्याचा संबंध काय?

आयनीकरणाच्या उंबरठ्याच्या वर असलेली, पण काही काळ टिकून राहणारी अवस्था. दोन इलेक्ट्रॉन उत्तेजित असतात. एकाने ऊर्जा दुसऱ्याला दिली की दुसरा निसटतो. रुंदी आणि आयुष्य यांचा गुणाकार ठरलेला असतो : १ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट रुंदी म्हणजे ०.६६ पिकोसेकंद आयुष्य. हेलियममधले २एस२पी अनुस्पंदन ६०.१५ इलेक्ट्रॉनव्होल्टला आहे, रुंदी सुमारे ३७ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट, आयुष्य १८ फेमटोसेकंदांच्या आसपास. त्याचा तिरपा आकार फानो यांच्या १९६१ च्या सूत्रात अचूक बसतो, कारण थेट आयनीकरण आणि अनुस्पंदनातून होणारे आयनीकरण यांच्यात व्यतिकरण होते.

जड आयनात अशी एकटी-दुकटी अनुस्पंदने नसतात, त्यांचे रान असते. तिथे रुंदी भागिले अंतर हे गुणोत्तर पाहायचे. ते एकाहून लहान असेल तर शिखरे सुटी राहतात. उपकरणाची विभेदनक्षमता पुरत नसेल तर ती दिसत नाहीत, एवढेच. एकाहून मोठे असेल तर शिखरे एकमेकांत मिसळतात आणि काटछेदात (प्रक्रिया घडण्याच्या शक्यतेच्या मापात) एरिक्सन-चढउतार, म्हणजे अनेक अनुस्पंदनांच्या व्यतिकरणातून झालेले उंचवटे-खळगे, येतात. तिथले उंचवटे कोणत्याही एका अवस्थेचे नसतात. त्यांना एकेक नाव देत बसणे व्यर्थ.

सोन्याच्या २५+ आयनाचे उदाहरण सगळीकडे का येते?

कारण तिथे साधा हिशोब दोन शून्यांनी चुकला. सोन्याचे ७९ इलेक्ट्रॉन. २५ काढले की ५४ उरतात आणि ४एफ कक्षेत आठ राहतात. मुक्त इलेक्ट्रॉन अशा आयनाला चिकटून प्रकाश बाहेर टाकतो, याला पुनःसंयोग म्हणतात. डार्मश्टाट इथे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापात अगदी कमी ऊर्जेला हा दर साध्या प्रारणी (अनुस्पंदनाविना थेट प्रकाश टाकून होणाऱ्या) पुनःसंयोगाच्या शंभराहून अधिक पट निघाला. एखादे ठळक अनुस्पंदन शून्य ऊर्जेजवळ बसले असावे, ही पहिली शंका. पण तसे काही सापडेना.

उकल अशी. इलेक्ट्रॉन पकडला जाताना आतला एक इलेक्ट्रॉन वर उडतो. ही दोन उत्तेजित इलेक्ट्रॉनांची अवस्था म्हणजे द्वार-अवस्था. ती पुढे तीन, चार, पाच इलेक्ट्रॉन उत्तेजित असलेल्या असंख्य अवस्थांमध्ये मिसळते. उंबरठ्याजवळ अशा मिसळीतून झालेल्या संयुक्त अवस्थांमधली अंतरे मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरात असतात, आणि इलेक्ट्रॉन-झोताचा ऊर्जेतला पसारा त्याहून मोठा असल्याने मोजमापात सरसकट उंचावलेला दर तेवढा दिसतो.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे : ‘अवस्था जास्त, म्हणून पकड जास्त.’ तसे नाही. प्रत्येक संयुक्त अवस्थेला द्वार-अवस्थेच्या पकडीचा एक भाग मिळतो. अवस्था जितक्या अधिक, भाग तितका लहान. बेरीज तीच राहते. वाढ होते ती दोन कारणांनी. एक, द्वार-अवस्था पसरण-रुंदीइतकी फाकते, त्यामुळे शून्य ऊर्जेजवळ नेमके अनुस्पंदन नसले तरी आसपासच्या अनेक द्वार-अवस्थांचा वाटा तिथे पोचतो. दोन, आणि हे अधिक महत्त्वाचे : इलेक्ट्रॉन परत निसटण्याची रुंदी घटकसंख्येने भागली जाते, प्रकाश टाकण्याची रुंदी मात्र भागली जात नाही, कारण संयुक्त अवस्थेतला जवळपास प्रत्येक घटक आपल्या परीने खाली उतरू शकतो. पकडलेला इलेक्ट्रॉन मग सुटण्याऐवजी स्थिरावतो. प्रकाश टाकून स्थिरावण्याचा वाटा एकाजवळ जातो, आणि काटछेद प्रारणी रुंदीवर अवलंबूनच राहत नाही.

ऊर्जा वाढवत नेली की आयनाला उत्तेजित ठेवून निसटण्याच्या वाटा उघडतात आणि हा वाटा घसरतो. सिद्धान्तात या वाटा विसरल्या तर वरच्या ऊर्जेला दर फाजील मोठा येतो.

अशा मोजमापात काय बिघडते?

पद्धत साधी आहे : आयनांचा झोत आणि इलेक्ट्रॉनांचा झोत जवळपास समान वेगाने एकत्र वाहू द्यायचे, आणि पुढच्या चुंबकात ज्यांचा भार एकने कमी झाला ते आयन वेगळे वळतात, ते मोजायचे. उरलेल्या वायूतून इलेक्ट्रॉन उचललेले आयनही तिथेच येतात, म्हणून निर्वात उत्तम लागतो आणि ती पार्श्वभूमी वेगळी मोजून वजा करावी लागते. फार वरच्या कक्षेत अडकलेला इलेक्ट्रॉन चुंबकातल्या विद्युत परिणामाने पुन्हा सुटतो आणि मोजणीतून गळतो; सिद्धान्ताशी तुलना करताना त्या कक्षेवर हिशोब तोडावा लागतो. आणि अगदी शून्याजवळ, एकही इलेक्ट्रॉन नसलेल्या नुसत्या केंद्रकांसाठीही थोडा जादा दर दिसतो. तो झोत एकत्र आणण्याच्या पद्धतीतून येतो. तेवढा भाग केऑसच्या खात्यावर मांडू नये.

याचा प्रत्यक्ष उपयोग?

टंगस्टन. संलयन-भट्टीच्या आतल्या, सर्वाधिक उष्णता झेलणाऱ्या भागांना टंगस्टन वापरतात. त्याचे अणू प्लाझ्मात शिरले की प्रकाश टाकून प्लाझ्मा थंड करतात, आणि किती थंड करतील हे कोणत्या भाराचे आयन किती आहेत यावर ठरते. तो तोल पुनःसंयोगाच्या दरावर उभा असतो. टंगस्टनच्या २०+ आयनातही ५४ इलेक्ट्रॉन, ४एफ मध्ये आठ. सोन्याच्या २५+ चे भावंडच. हायडेलबर्गच्या साठवण-कड्यात २०११ मध्ये मोजलेल्या दरावरून काढलेला प्लाझ्मा-दर तेव्हा प्रचलित असलेल्या आकड्याच्या सुमारे चौपट निघाला. नेहमीचे कोड मोजकीच संरूपणे घेतात, आणि खरी जोडणी त्यांनी टाकून दिलेल्या संरूपणांत असते.

सांख्यिकी सिद्धान्त एकेक अनुस्पंदन सांगू शकत नसेल, तर तो काय कामाचा?

तो सरासरी सांगतो, आणि इथे मोजलीही सरासरीच जाते. लाखो अवस्थांचा मॅट्रिक्स सोडवण्याऐवजी संरूपणांच्या सरासरी ऊर्जा, कक्षांमधली सरासरी इलेक्ट्रॉनसंख्या, दोन-इलेक्ट्रॉन मॅट्रिक्स-घटक आणि पसरण-रुंदी एवढ्यावर दर निघतो. मोजमापाच्या खिडकीत ‘न’ अनुस्पंदने असतील तर उत्तराभोवतीचा चढउतार साधारण १ ÷ √न. हजार असतील तर तीन टक्के. खिडकीत पाच-सातच असतील तर ही पद्धत वापरू नका. तिथे एकेक पातळी काढणारा जुना मार्गच बरा.

पॅरिटी-भंगासारखे दुबळे परिणाम केऑसमुळे वाढतात हे खरे का?

खरे, पण मर्यादित. पॅरिटी-भंग म्हणजे दुबळ्या बलामुळे विरुद्ध पॅरिटीच्या अवस्था किंचित मिसळणे. इथे प्रमुख घटकांची संख्या ‘न’ धरली तर विरुद्ध पॅरिटीच्या दोन संयुक्त अवस्थांमधला मॅट्रिक्स-घटक √न ने घटतो, आणि त्यांच्यातले ऊर्जा-अंतर न ने. निव्वळ वाढ √न. सिरियमसारख्या अणूत ‘न’ शंभर, म्हणजे दहापट. अणुकेंद्रकात ‘न’ दहा लाखांच्या घरात असल्याने हजारपट, त्यात न्यूट्रॉनच्या मंद गतीमुळे आणखी भर पडते. लँथेनम-१३९ च्या ०.७३ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या अनुस्पंदनात पॅरिटी-भंग सुमारे १० टक्क्यांवर जातो तो असा. अणूकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये. शिवाय वाढलेल्या परिणामाचे चिन्ह पातळीगणिक बदलते.

एकाच इलेक्ट्रॉनच्या हायड्रोजनमध्ये केऑस दिसतो म्हणतात, ते कसे?

प्रबळ चुंबकीय क्षेत्रात. कूलॉम आकर्षण आणि चुंबकीय बल तुल्यबळ झाले की चलांचे विभाजन होत नाही, म्हणजे समीकरण सुट्या सोप्या तुकड्यांत फुटत नाही. निर्णायक राशी एकच : ऊर्जा भागिले क्षेत्राचा दोन-तृतीयांश घात, दोन्ही आण्विक एककांत (क्षेत्राचे एकक २.३५ × १०⁵ टेस्ला). ही राशी −०.५ च्या खाली असेल तर गती जवळपास नियमित, −०.१३ च्या वर पूर्ण केऑटिक. ६ टेस्लाला या मर्यादा आयनीकरण-उंबरठ्याखाली सुमारे ९५ आणि २५ प्रति सेंटिमीटरवर (हे वर्णपटातले ऊर्जेचे एकक) येतात. म्हणजे मुख्य क्वांटम अंक ३४ च्या आसपास गडबड सुरू आणि ६७ च्या आसपास ती पुरती माजलेली.

गार्टन आणि टॉम्किन्स यांनी १९६९ मध्ये बेरियममध्ये उंबरठ्याजवळ सायक्लोट्रॉन ऊर्जेच्या (क्षेत्रात गोल फिरणाऱ्या मुक्त इलेक्ट्रॉनच्या पातळ्यांमधल्या अंतराच्या) दीडपट अंतराच्या लहरी पाहिल्या. ६ टेस्लाला ते अंतर सुमारे ८.४ प्रति सेंटिमीटर येते. केंद्रकापासून निघून केंद्रकाशी परतणाऱ्या बंद मार्गांचे ते ठसे आहेत. वर्णपटाचे फूरिए रूपांतर केले की प्रत्येक मार्ग आपल्या फेरीच्या वेळेवर शिखर म्हणून उभा राहतो.

एक बारकावा : चुंबकीय क्षेत्र कालउत्क्रम-सममिती (काळ उलटा चालवला तरी गती तशीच) मोडते, तरीही इथे अंतरांचे वितरण वर दिलेल्या विग्नरच्या (ऑर्थोगोनल) प्रकाराचेच राहते. कालउत्क्रम आणि आरशातले परावर्तन यांची जोडी शाबूत असते, म्हणून.

अतिशीत अणूंच्या टकरींतही हेच?

एर्बियममध्ये २०१४ मध्ये इन्सब्रुक इथे ० ते ७० गाउसच्या पट्ट्यात जवळपास २०० फेशबाख अनुस्पंदने (क्षेत्राच्या अशा किमती, जिथे दोन अणू क्षणभर रेणू बनून अडकतात) मोजली गेली. अल्कली अणूंमध्ये तेवढ्या पट्ट्यात ती बोटांवर मोजण्याइतकी असतात. एर्बियमच्या मूळ अवस्थेचा जे ६ आहे. दोन अणू जवळ आले की ९१ विभव-वक्र (अणूंमधल्या अंतरानुसार ऊर्जा कशी बदलते त्याचे वक्र) तयार होतात आणि अणूंमधल्या बलाचे दिशेवर अवलंबून असणे त्यांना एकमेकांत गुंतवते. अंतरांची सांख्यिकी प्वासाँ आणि विग्नर यांच्या मधली, विग्नरकडे झुकलेली निघाली. इथे ऊर्जेऐवजी चुंबकीय क्षेत्र हा अक्ष असतो. क्षेत्र फार हळू बदलत नेले नाही तर अरुंद अनुस्पंदने सुटतात आणि पुन्हा तीच भोक पडलेल्या यादीची अडचण.

आयनीकरण-ऊर्जा मोजताना केऑसची अडचण होते का?

होते. नेहमीची रीत म्हणजे रिडबर्ग मालिका (एकच इलेक्ट्रॉन क्रमाने वरवरच्या कक्षांत गेलेल्या पातळ्या) पकडून ती कुठे संपते ते पाहणे. प्रोटॅक्टिनियममध्ये, ज्याचे मूळ संरूपण ५एफ² ६डी ७एस² आहे, उंबरठ्याजवळ पातळ्या इतक्या दाट आणि मिसळलेल्या असतात की नियमित मालिका वेगळी काढता येत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात त्याच्या पातळ्यांची सांख्यिकी केऑसशी जुळली. अशा मूलद्रव्यात मालिका ‘सापडली’ असे वाटले, तर ती किती पातळ्यांमधून किती सूट देऊन निवडली हे आधी तपासा. दाट यादीतून हवी ती मालिका कुणालाही काढता येते. त्याऐवजी विद्युत क्षेत्राने उंबरठा किती खाली येतो ते वेगवेगळ्या क्षेत्रांना मोजून शून्य क्षेत्रापर्यंत रेषा नेता येते. हा खालचा उतार क्षेत्राच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे आलेख क्षेत्रासमोर न काढता त्याच्या वर्गमुळासमोर काढायचा.